सी ड्राइव्ह भरला: काय काढावं, कशाला हात लावू नये

(सार्वजनिक व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. पडद्यावर करून दाखवलेल्या गोष्टी शब्दांत मांडल्या आहेत.)



मागच्या कार्यक्रमानंतर दाराशी पाच-सहा जणांनी मला गाठलं. चहा बाजूलाच राहिला. प्रत्येकाची तक्रार एकच होती, "सर, सी ड्राइव्ह लाल झालाय." लाल म्हणजे काय, तर 'धिस पीसी' उघडल्यावर ड्राइव्हच्या नावाखाली जी आडवी पट्टी दिसते ती. एरवी ती निळी असते. मोकळी जागा दहा टक्क्यांच्या खाली गेली की ती लाल होते. मी तिथल्या तिथे दोन-चार गोष्टी सांगितल्या आणि घरी जाताना वाटलं, हे असं दारात उभं राहून सांगण्यासारखं नाही. कारण यात चुकलं तर जे जातं ते परत येत नाही. म्हणून आजचा विषय हाच घेतला. मी फक्त विंडोज दहा आणि अकराबद्दल बोलणार आहे, कारण इथे बहुतेकांकडे तेच आहे.

आधी हा ड्राइव्ह एवढा लहान का असतो ते पाहू. आपल्याकडे एक जुनी पद्धत आहे. दुकानात कॉम्प्युटर जोडून घेतला की दुकानदार डिस्कचे तीन-चार भाग करून द्यायचा: सी, डी, ई, एफ. (ए आणि बी ही अक्षरं फ्लॉपीसाठी राखलेली होती, म्हणून सुरुवात सी पासून.) सी मध्ये विंडोज आणि बाकीच्यात आपलं सामान, असा हिशोब. त्यामागचा विचार चुकीचा नव्हता, विंडोज बिघडलं तर फक्त सी पुसायचा आणि डी तसाच राहतो. पण सी ला चाळीस-पन्नास जीबी द्यायची सवय तशीच टिकली आणि विंडोज मात्र वाढत गेलं. विंडोज अकरा बसवायला कंपनी स्वतःच किमान ६४ जीबी मागते. दुसरा प्रकार लॅपटॉपचा. स्वस्तातल्या लॅपटॉपमध्ये १२८ जीबीची एसएसडी येते, काहींत तर ६४ च.

त्यात आणखी एक गंमत. खोक्यावर १२८ लिहिलेलं असतं आणि विंडोज दाखवतं ११९. लोकांना वाटतं दुकानदाराने फसवलं. तसं नाही. डिस्क बनवणारे एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरतात, विंडोज १०२४ गुणिले १०२४ गुणिले १०२४ असं मोजतं, म्हणजे साधारण १०७ कोटी. माल तेवढाच, माप वेगळं. २५६ ची असेल तर २३८ दिसते, याच कारणाने.

आता ड्राइव्ह भरला तर बिघडतं काय? मशीन मंद होतं हे सगळ्यांना दिसतं. न दिसणारी गोष्ट जास्त वाईट आहे. अपडेट उतरवायला आणि बसवायला जागा लागते, ती नसेल तर अपडेट अर्ध्यावर अडतो आणि पुन्हा पुन्हा अडत राहतो. सुरक्षेच्या दुरुस्त्या त्याच वाटेने येतात. म्हणजे ज्या मशीनवरून तुम्ही बँकेचे व्यवहार करता ते सहा-सहा महिने उघड्या दाराने बसलेलं असतं आणि तुम्हाला वाटतं, फक्त जरा हळू चालतंय.

काय काढायचं हे सांगण्याआधी मी एक किस्सा सांगतो. माझ्याच चुकीचा आहे.

२०१९ साल. आमच्या शेजारच्या काकूंचा लॅपटॉप, १२८ जीबीचा, लाल झालेला. मला बोलावलं. मी रुबाबात 'डिस्क क्लीनअप' उघडलं. त्यात खुणा करायची यादी येते. मी या गोष्टी शेकडो वेळा केलेल्या, त्यामुळे वाचत नव्हतो, नुसत्या खुणा करत गेलो. आता झालं असं होतं की २०१८ च्या ऑक्टोबरमधल्या विंडोज अपडेटने त्या यादीत एक नवी ओळ घातली होती, 'डाउनलोड्स'. त्याच यादीत वर्षानुवर्षं एक निरुपद्रवी ओळ होती, 'डाउनलोडेड प्रोग्रॅम फाइल्स'. मी समजलो तीच. प्रत्यक्षात माझ्या त्या खुणेने काकूंचा सगळा डाउनलोड्स फोल्डर गेला. रिसायकल बिनमध्ये नाही, थेट. अकरा जीबी मोकळे झाले म्हणून मी खूशही झालो.

तिसऱ्या दिवशी काकू आल्या. त्यांच्या आईच्या जात्यावरच्या ओव्या त्यांच्या भावाने गावी फोनवर रेकॉर्ड करून व्हॉट्सॲपवर पाठवल्या होत्या. काकूंनी त्या लॅपटॉपवर उतरवून ठेवल्या होत्या. उतरवलेली गोष्ट डाउनलोड्समध्ये जाते, आणि आपण ती तिथेच राहू देतो, सगळेच राहू देतो. त्रेचाळीस रेकॉर्डिंग होती. आई आदल्या वर्षी गेल्या होत्या. भावाचा तो फोन बदललेला.

मी दोन रात्री फाइल परत आणणारी सॉफ्टवेअरं चालवली. काही मिळालं नाही. शेवटी एका भाचीच्या फोनमध्ये अकरा सापडली. काकू म्हणाल्या, "जाऊ दे रे, अकरा तरी आहेत." त्यानंतर मी कुणाच्याही मशीनवर वाचल्याशिवाय खूण करत नाही.

ती का मिळाली नाहीत हे नीट समजून घ्या, कारण 'डिलीट झालं तरी परत आणता येतं' हा समज अजून घट्ट आहे. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर तो बऱ्यापैकी खराही होता. ग्रंथालयाचं उदाहरण घ्या. फाइल पुसली की हार्ड डिस्क फक्त सूचीतलं कार्ड फाडते. पुस्तक फळीवरच असतं, त्या जागी दुसरं पुस्तक येईपर्यंत. चिकाटीचा माणूस फळ्या धुंडाळून ते काढू शकतो. एसएसडीचं तसं नाही. फाइल पुसली की विंडोज त्या डिस्कला कळवतं, 'या फळ्या आता रिकाम्या धर.' या निरोपाला ट्रिम म्हणतात. मग डिस्क सवडीने खरोखरच त्या फळ्या पुसून काढते, कारण एसएसडीला नवीन लिहिण्याआधी जुनं पुसावं लागतं आणि ते आधीच करून ठेवलं की लिहिणं वेगाने होतं. त्यामुळे लहान एसएसडीवरची सफाई ही परतीचं तिकीट नसलेली सफाई आहे. सुरुवात करण्याआधी जे दुसरीकडे कुठेच नाही ते पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर घ्या. अर्धा तास जाईल, जाऊ दे.

(एका श्रोत्याने विचारलं, ती ओळ अजूनही आहे का?) डिस्क क्लीनअपमधून ती २०२० च्या आवृत्तीपासून काढली. पण सेटिंग्जमध्ये सिस्टीम, मग स्टोरेज, मग 'टेम्पररी फाइल्स' अशी जी नवी यादी आहे, तिच्यात 'डाउनलोड्स' आहे. तिथे आपोआप खूण नसते, तुम्ही करू नका म्हणजे झालं. टेम्पररी नावाखाली ती का ठेवली आहे, हे मला आजतागायत पटलेलं नाही.

बरं. आता पहिलं काम काढायचं नाही, बघायचं. जागा नेमकी कुणी खाल्ली आहे? सेटिंग्जमधलं तेच स्टोरेजचं पान ढोबळ हिशोब देतं: ॲप्स किती, टेम्पररी किती, कागदपत्रं किती. त्याहून नीट पाहायचं तर विनडरस्टॅट नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. ते प्रत्येक फाइलचा एक रंगीत चौकोन काढतं. मोठी फाइल, मोठा चौकोन. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा, नाहीतर काही फोल्डर त्याला दिसतच नाहीत आणि हिशोब जुळत नाही.

ते चालवलं की बहुतेकांना दोन मोठे चौकोन दिसतात, ज्यांची नावं त्यांनी कधी ऐकलेली नसतात. एक हायबरफिल डॉट सिस, दुसरी पेजफाइल डॉट सिस. या दोन्ही लपवलेल्या असतात. नाव अनोळखी म्हणून लोक घाबरतात, व्हायरस समजतात.

हायबरफिल म्हणजे हायबरनेशनची फाइल. मशीन 'गाढ झोपवताना' रॅममधलं सगळं या फाइलमध्ये उतरवून ठेवलं जातं. तिचा आकार साधारण रॅमच्या चाळीस टक्के. आठ जीबी रॅम असेल तर तीन जीबीच्या वर, सोळा असेल तर सहाच्या वर. ही जागा तुम्ही परत घेऊ शकता. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडायचा आणि टाइप करायचं: पॉवर सी-एफ-जी, एक जागा सोडून स्लॅश एच, पुन्हा जागा सोडून ऑफ. एंटर. फाइल तत्क्षणी जाते. परत हवी असेल तर शेवटी ऑफच्या जागी ऑन. फाइलवर जाऊन डिलीट दाबायचं नाही, ते होतही नाही. याची किंमत अशी, की हायबरनेट जातं आणि त्याबरोबर 'फास्ट स्टार्टअप'ही जातं, म्हणून मशीन सुरू व्हायला थोडा जास्त वेळ लागतो. टेबलावरच्या कॉम्प्युटरला मी हे डोळे मिटून करतो. लॅपटॉपला नाही. आपल्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही. तुम्ही लॅपटॉप उघडा ठेवून बाजारात गेलात आणि बॅटरी तळाला गेली, तर न साठवलेलं काम वाचवणारी हीच फाइल असते.

पेजफाइल वेगळी. रॅम कमी पडली की विंडोज तिचा वापर जादा रॅमसारखा करतं. ती बंद केली तर जागा मिळते खरी, पण ब्राउझरच्या वीस टॅब उघड्या असताना एखादा प्रोग्रॅम कोसळतो आणि कारण कळत नाही. तिला राहू द्या. मशीनमध्ये दुसरी स्वतंत्र एसएसडी असेल तर तिकडे हलवता येते. जुन्या फिरत्या डिस्कवर हलवलीत तर सगळंच संथ होईल.

तिसरा प्राणी म्हणजे विंडोजच्या आतला विन-एस-एक्स-एस फोल्डर. याच्याबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. प्रॉपर्टीज बघितल्या तर दहा-बारा जीबी दाखवतो, आणि इंटरनेटवर कुणीतरी 'हा उडवा' म्हणून सांगितलेलं असतं. उडवू नका. तो विंडोजच्या सुट्या भागांचा कोठार आहे, आणि तो दिसतो तेवढा मोठा नसतो. त्यातल्या पुष्कळ फाइली म्हणजे एकाच फाइलची दोन नावं असतात, एक कोठारात आणि एक सिस्टीम फोल्डरमध्ये. डिस्कवर ती एकदाच साठवलेली असते, पण एक्सप्लोरर दोन्हीकडे मोजतो. एकाच माणसाचं नाव दोन याद्यांत आलं म्हणून माणसं दोन होत नाहीत ना, तसं. त्यातली खरोखर जुनी झालेली अपडेटं काढायची असतील तर डिस्क क्लीनअप उघडा, 'क्लीन अप सिस्टीम फाइल्स' दाबा, आणि यादीत 'विंडोज अपडेट क्लीनअप'वर खूण करा. एवढंच. वेळ लागतो, मध्ये बंद करू नका.

तसाच विंडोजच्या आत 'इन्स्टॉलर' नावाचा एक लपलेला फोल्डर असतो. काही मशीनवर तो दहा जीबीच्या पुढे जातो. बसवलेले प्रोग्रॅम काढायला किंवा दुरुस्त करायला जी माहिती लागते ती त्यात असते. तो पुसला तर आज काहीच बिघडत नाही. सहा महिन्यांनी ऑफिस अपडेट होत नाही, काढून टाकावं म्हटलं तर निघतही नाही. तेव्हा कुणाला आठवत नाही की आपण काय केलं होतं.

'विंडोज डॉट ओल्ड' दिसला तर मात्र तो मोठा घास आहे, पंधरा-वीस जीबी सहज. आवृत्ती बदलली की जुनं विंडोज त्यात ठेवलं जातं, परत जायची वेळ आली तर. साधारण दहा दिवसांनी विंडोज ते स्वतःच काढतं. घाई असेल तर याच यादीतून 'प्रिव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन' म्हणून निघतं. पण थांबा. दुरुस्तीवाल्याने फॉरमॅट न करता विंडोज नव्याने टाकलं असेल, तर तुमचा जुना डेस्कटॉप, जुने डॉक्युमेंट्स याच फोल्डरच्या आतल्या 'यूझर्स'मध्ये असतात. 'माझं सगळं गेलं' म्हणून रडकुंडीला आलेल्या दोघांचं सगळं सामान मी तिथून काढून दिलंय. तिथे आधी डोकवा, मग पुसा.

आता आपल्या सामानाकडे येऊ. खरी जागा तिथेच असते. अनेकांना मी विचारतो, फाइली कुठे ठेवता? उत्तर येतं, "डेस्कटॉपवर. सी मध्ये काहीच नाही ठेवत." अहो, डेस्कटॉप म्हणजेच सी! डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स, सगळे सी च्या पोटात. ज्यांच्याकडे डी आहे त्यांनी हे फोल्डर तिकडे न्यावेत. पण ओढून नेऊन टाकू नका. फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, 'लोकेशन' नावाचा टॅब, त्यात 'मूव्ह'. त्याआधी डी मध्ये त्याच नावाचा एक रिकामा फोल्डर करून ठेवा आणि तो निवडा. नुसता डी निवडू नका. तसं केलं तर विंडोज अख्ख्या डी ड्राइव्हलाच तुमचा 'डॉक्युमेंट्स' समजायला लागतं, आणि तो गुंता सोडवणं फार कटकटीचं आहे.

मग विंडोज एक प्रश्न विचारतं: जुन्या जागेतल्या सगळ्या फाइली नव्या जागी हलवू का? याला 'हो' म्हणा. हा प्रश्न किती महत्त्वाचा आहे ते २०१८ मध्ये जगाला कळलं. मघाशी ज्या ऑक्टोबर २०१८ च्या अपडेटचा उल्लेख केला, तोच. काही लोकांनी फोल्डरची जागा बदलली होती पण जुन्या फाइली सी मध्येच राहू दिल्या होत्या. आधीच्या अपडेटनंतर काहींच्या मशीनवर अशा फोल्डरांच्या रिकाम्या जादा प्रती दिसू लागल्याची तक्रार होती. ती दूर करायला मायक्रोसॉफ्टने नव्या अपडेटमध्ये रिकाम्या दुहेरी फोल्डरांची सफाई घातली. आणि ती सफाई रिकाम्या नसलेल्या जुन्या फोल्डरांवरही चालली. लोकांच्या फाइली गेल्या. काही दिवसांतच कंपनीने अपडेट थांबवला, कारण जाहीरपणे सांगितलं आणि दुरुस्त करून नोव्हेंबरात पुन्हा दिला. संख्येने अशी मंडळी थोडीच होती. पण बघा, सफाई करणारा सॉफ्टवेअरवाला असो की माझ्यासारखा शेजारी, दोघांची चूक एकाच जातीची: 'हे रिकामंच असणार' असं धरून चालणं. म्हणून हलवल्यावर जुन्या जागी एकदा जाऊन बघा, काही उरलंय का.

आणि डी मध्ये नेलं म्हणजे बॅकअप झाला असं समजू नका. बहुतेक लॅपटॉपमध्ये सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन भाग असतात. डिस्क गेली की दोघे जोडीने जातात.

दुकानदार आणि सोसायटीचे खजिनदार इथे बसलेत म्हणून सांगतो. हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा नेहमी तुमच्या डॉक्युमेंट्समध्ये नसतो. अनेकदा तो सी मध्येच, 'यूझर्स'च्या आत 'पब्लिक'मध्ये किंवा सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये असतो. अनोळखी नावाचा फोल्डर म्हणून कुणीतरी उडवतं आणि मार्चअखेर डोक्याला हात लावायची पाळी येते. सॉफ्टवेअरमध्येच डेटाचा पत्ता दिलेला असतो, तो आज घरी जाऊन एका कागदावर लिहून ठेवा.

बाकीचं भराभर सांगतो. आयफोन वापरणारे: कधीकाळी कॉम्प्युटरवर फोनचा बॅकअप घेतला असेल तर तो सी मध्ये पडून असतो, वीस-तीस जीबीसुद्धा. आयट्यून्स किंवा ॲपल डिव्हायसेसमधून जुने बॅकअप काढा. आउटलूक वापरणारे: ओएसटी संपणारी फाइल ही सर्व्हरवरच्या मेलची प्रत असते, पीएसटी संपणारी म्हणजे बहुधा मेलच, दुसरीला हात लावू नका. वनड्राइव्ह वापरणारे: फाइलवर राइट क्लिक करून 'फ्री अप स्पेस' म्हटलं तर ती मेघावर राहते आणि इथली जागा सुटते. 'डिलीट' म्हटलं तर ती सगळीकडून जाते. हे दोन शब्द एकाच मेनूत असतात, बोट सांभाळा. 'स्टोरेज सेन्स' चालू केलंत तर रिसायकल बिनमधल्या जुन्या गोष्टी तो ठराविक दिवसांनी आपोआप काढतो. चांगली सोय आहे, पण रिसायकल बिनचा कपाट म्हणून वापर करणाऱ्यांनी चालू करू नये. हसू नका, असे लोक आहेत.

एका बटणात सगळं साफ करणारी 'क्लीनर' सॉफ्टवेअरं? मी ती वापरत नाही. जे ती काढतात ते विंडोज स्वतः काढू शकतं, आणि रजिस्ट्री साफ करून जागा मिळतच नाही म्हटलं तरी चालेल. शिवाय २०१७ मध्ये सीक्लीनर या अतिशय लोकप्रिय सॉफ्टवेअरच्या अधिकृत प्रतीतच कुणीतरी घातक कोड घुसवला होता आणि ती वीस लाखांहून जास्त मशीनवर पोचली होती. जो प्रोग्रॅम सगळ्या मशीनवर हात फिरवू शकतो, तो कुणाच्या हातात आहे हे महत्त्वाचं.

प्रश्न आहेत का? हं, मागे ताई.

(प्रश्न: डी मध्ये शंभर जीबी रिकामे आहेत, ते सी ला जोडता येणार नाहीत का?)

येतात, पण वाटतं तेवढं सरळ नाही. विंडोजच्या 'डिस्क मॅनेजमेंट'मध्ये 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' आहे, पण त्याला मोकळी जागा सी च्या लगेच उजवीकडे लागते. डी लहान केला तर जागा डी च्या उजवीकडे सुटते, सी ला ती दिसतच नाही. म्हणून डी चं सामान बाहेर काढायचं, डी पूर्ण काढून टाकायचा, सी वाढवायचा, मग उरलेल्यात नवा डी. काही मशीनवर मध्येच एक छोटा रिकव्हरीचा भाग आडवा बसलेला असतो, मग तेही जमत नाही. ज्यांच्याकडे बॅकअप नाही त्यांनी हे घरी करू नये.

(प्रश्न: लॅपटॉप ६४ जीबीचा आहे. हे सगळं केलं तरी दोन महिन्यांत पुन्हा लाल होतो.)

होणारच. तिथे सफाईने भागत नाही. लॅपटॉपची एसएसडी बदलता येण्यासारखी असेल तर मोठी घाला, जुनीवरचं सगळं नवीवर जसंच्या तसं उतरवून देतात. पण ६४ वाल्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये साठवणुकीची चिप बोर्डावरच डकवलेली असते, ती बदलत नाही. दुकानात विचारताना 'एसएसडी आहे की ईएमएमसी' एवढंच विचारा. ईएमएमसी म्हणाले तर बाहेरची डिस्क घ्या आणि आपलं सगळं तिच्यावर ठेवा, लॅपटॉपवर फक्त विंडोज आणि रोजची दोन-तीन सॉफ्टवेअरं. आणि त्या बाहेरच्या डिस्कची आणखी एक प्रत कुठेतरी असू द्या. काकूंची ती अकरा रेकॉर्डिंग आता चार ठिकाणी आहेत, त्यातलं एक माझं घर.